लूम बंद होते त्या दिवशीचं हृदय

प्रिय दादा,

आज शुक्रवार. अन्सारीभाईंच्या कापड कारखान्यातले लूम बंद, अख्ख्या गल्लीचे लूम बंद, आणि गल्लीत चक्क माणसांचे आवाज ऐकू येताहेत. समोरच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालतंय आणि जागेवरून भांडतंय. तुझ्यावर नीट, सलग चिडायला आठवड्यातला हाच एक दिवस बरा.

रविवारी विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. मलाही 'दोन शब्द' बोलायला सांगितलं होतं. मी उठले, माइकपर्यंत गेले, 'जयभीम' म्हणाले आणि परत येऊन बसले. सगळ्यांना वाटलं, बहिणीचा कंठ दाटला. दाटलाबिटला काही नव्हता! तोंडात जे आलं होतं ते विहारात बोलण्यासारखं नव्हतं, एवढंच. ते आज लिहून काढते. शिवाय आज सकाळी आईने मला तुझ्याबद्दल एक प्रश्न विचारला आणि मी तुझ्या वतीने उत्तर देऊन मोकळी झालेय. ते तुला कळायला हवं.

आधी तुझ्या मरण्याबद्दल. हेल्मेट कुणी कोपरात अडकवतं का रे? काल्हेरला गोडाऊनच्या गेटापाशी कंटेनर मागे येत होता, आणि तू नेहमीप्रमाणे 'निघतो पटकन' म्हणून त्याच्या मागून घुसलास. डोकं गेलं. कोपराला साधं खरचटलंही नाही! हॉस्पिटलात त्यांनी तुझं सामान माझ्या हातात दिलं तेव्हा हेल्मेट नवंकोरं होतं, काचेवरचं प्लास्टिकसुद्धा तू काढलं नव्हतंस. "जन्मभर हृदयाचा अभ्यास केला आणि डोकं सांभाळायची अक्कल आली नाही," असं मी तिथे उभी राहून मोठ्याने म्हणाले. नर्सने मला धरून खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.

आता फ्लेक्स. आपल्या चुलतभावाने, रोशनने, नाक्यावर तुझा भलाथोरला फ्लेक्स लावलाय. 'हृदयांचा जादूगार, युवा शास्त्रज्ञ मिलिंददादा यांना भावपूर्ण आदरांजली.' युवा! तुझे कानामागचे केस पांढरे व्हायला लागले होते. एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मासा. कुठला मासा असेल? गोल्डफिश! झालरीच्या शेपटीचा, हॉटेलच्या काउंटरवर ठेवतात तसला. आणि त्याच्या पोटावर लाल बदाम.

मी रोशनला म्हटलं, "अरे, दादाचा मासा पट्ट्यापट्ट्यांचा असतो. झेब्राफिश. आणि आम्ही ज्या पिल्लांवर काम करतो ती तांदळाच्या दाण्याएवढी असतात."

"ताई, तांदूळ फ्लेक्सवर कसा दिसणार?" तो म्हणाला. "पब्लिकला बघताच मासा वाटला पाहिजे ना."

हे वाक्य मला ओळखीचं वाटलं. तूही असंच बोलायचास, फक्त जरा शुद्ध मराठीत.

आणि तो फोटो! तो माझ्या एमएस्सीच्या निकालाच्या दिवशीचा आहे, आठवतंय? मधे मी होते, पेढ्यांचा बॉक्स घेऊन, आणि तू कडेला. तू तो केव्हाच कापून स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपला लावलास आणि रोशनने तिथून उचलला. तुझ्या दंडाला लागून माझी पिवळी ओढणी अजून दिसते. बाजारात जाता-येता मी नाक्यावर माझी ओढणी बघते. तुला हे कापाकापीचं वेड पहिल्यापासूनच. ज्यात तू नाहीस ते फोटोतून जायचं.

तुझे गाइडही मुंबईहून आले होते. हो, तेच, ज्यांच्या नावापुढे तू 'सर' लावताना आवाज खाली आणायचास. "मिलिंदने भिवंडीसारख्या ठिकाणी राहून विज्ञान केलं," असं ते तीनतीनदा म्हणाले आणि प्रत्येक वेळी 'सारख्या' या शब्दावर असे थांबले की समोर बसलेल्या बायकांनी पदर सावरले. निम्मं भाषण त्यांच्या स्वतःच्याच परदेशातल्या मुक्कामांवर गेलं. तू गेलास हे त्यांना शेवटी आठवलं, घड्याळ बघताना. अशा माणसासमोर तू वर्षानुवर्षं मान हलवलीस! ते एकदा तरी आपल्या लॅबची पायरी चढले होते का?

लॅब म्हणे! अन्सारीभाईंच्या कारखान्याच्या भिंतीला भिंत लागून असलेला एक गाळा. दुसरीकडे कुणी मासे ठेवू देईना, वास येईल म्हणून. अन्सारीभाई तेवढे म्हणाले, "मछली शोर तो नहीं करती ना? फिर रखो." शोर त्यांचा होता, मासे बिचारे गप्प. तू मात्र सगळ्यांना सांगायचास की तू मुद्दाम कामगार वस्तीत लॅब काढलीस, तत्त्व म्हणून.

तुझ्यावर कितीही राग असला तरी एक लिहायलाच हवं. ते काम मला फार आवडायचं. मायक्रोस्कोप आपण स्वतः जुळवला होता. बाजूने लेझरच्या प्रकाशाची कागदासारखी पातळ पात सोडायची, पिल्लू मऊ जेलीत उभं धरायचं आणि समोरून कॅमेरा लावायचा. पात जिथून जाते तेवढाच थर उजळतो, बाकी सगळा काळोख. पिल्लाचं अंग काचेसारखं, त्यावर काळे ठिपके येऊ नयेत म्हणून पाण्यात औषध. हृदयाचा स्नायू तेवढा जन्मापासून हिरवा चमकणारा. थरामागून थर घेत गेलं की पडद्यावर जिवंत, धडधडणारं हिरवं हृदय उभं राहायचं, त्यातून एकेक रक्तपेशी ढकलली जाताना दिसायची. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा आपण दोघं काही न बोलता बसलो होतो. तू गप्प बसल्याचा तो एकमेव प्रसंग असावा.

टेबल म्हणजे कडप्प्याची लादी, आणि हादरे बसू नयेत म्हणून तिच्याखाली स्कूटरच्या ट्यूब. त्यांत हवा मी भरायची, सायकलच्या पंपाने, कारण शास्त्रज्ञांची कंबर दुखते. रस्त्यावरच्या ट्रकची बारीक घरघर त्या ट्यूब गिळायच्या आणि तू येईल त्याला ती युक्ती दाखवायचास. पण लूमचा संथ धक्का वेगळा. त्यावर ट्यूब उलट झुलतात. हे कळायला कुणी परदेशातून यायला नको होतं, रिक्षाच्या मागच्या सीटवर बसलं तरी कळतं. आपल्याला कळलं नाही, कारण आपल्याला लूम ऐकूच येत नाही. बाबा लूमवरच होते, आपण दोघं त्या आवाजात जन्मलो, त्यात झोपलो, त्यात परीक्षा दिल्या. पाहुणा दारात उभा राहून कानावर हात ठेवतो आणि आपण विचारतो, काय झालं?

आणि शांत दिवस आपल्या वाट्याला यायचाच नाही. शुक्रवारी लूमला सुट्टी, म्हणून त्या दिवशी कारखान्याची विजेची लाइन बंद, गेटला कुलूप, म्हणजे आपणही घरी. मधेच लाइट गेली की लूम थांबायचे, पण आपलं मशीनही थांबायचं. मशीन चालू आहे आणि लूम बंद आहेत, असं कधी झालंच नाही. लक्षात ठेव हे, पुढे लागणार आहे.

मग तुझा तो महान शोध. पिल्लाला भूल द्यायची, गरम तारेचं टोक त्याच्या हृदयाला टेकवून छोटीशी जखम करायची, आणि ती भरताना बघायची. झेब्राफिश आपलं हृदय आपणच दुरुस्त करतो, काही दिवसांत नवा स्नायू येतो, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्याला तुझी काहीही गरज नव्हती. तुझा दावा वेगळाच होता. तुझ्या त्या अर्जुनाच्या झाडाच्या सालीच्या अर्कात पिल्लू ठेवलं की म्हणे दुसऱ्याच दिवशी जखमेचा भाग धडधडायला लागतो!

त्या दुपारी तू केवढ्याने ओरडलास. मी धावत आले. पडद्यावर खरंच जखमेचा फिकट डाग ठेका धरून हलत होता. बाकीचं हृदय वेगळ्या चालीने धडधडत होतं, डाग जरा जास्त जलद.

"दोघांची चाल वेगळी का?" मी विचारलं.

"नव्या स्नायूची स्वतंत्र लय!" तू म्हणालास. ताबडतोब! जसा काही तो शब्द खिशातच घेऊन हिंडत होतास. संध्याकाळपर्यंत त्याचा लेखही तुझ्या डोक्यात तयार होता.

मी तुला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, फ्रेम कापू नकोस, पिल्लाचा जबडा आणि जेलीची कड दिसू दे. दुसरी, भुलीचं औषध जरा वाढव आणि हृदय थांबव. हृदय थांबल्यावरही डाग हलत राहिला, तर ते हृदय नाही, दुसरं काहीतरी हलतंय.

"धडधड बघायला धडधड बंद करायची?" तू हसलास. "सुजू, तू ना, फक्त फोकस कर."

फक्त फोकस कर! हे वाक्य मी तुझ्या फ्लेक्सवर छापायला हवं होतं. जेलीची कड तुला घाण दिसायची, म्हणून ती गेली. जबडा नको, डोळा नको. शेवटी उरला तेवढा डाग, पडदाभर, ठेका धरून हलणारा. किती सुंदर आणि किती बिनकामाचं!

लेखापुरतं ठेवलं असतंस तर मी तुझ्याशी भांडून गप्प बसले असते. पण तुला प्रेक्षक लागतो, आणि हक्काचा प्रेक्षक म्हणजे आई. तिला झटका येऊन गेला होता, ठाण्याच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली होती आणि ती घाबरून रोज नवं कारण काढत होती. तिला समजवायचं काम माझं चालू होतं. अशात तू मोबाइल कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर धरलास आणि तिला व्हिडिओ करून पाठवलास. "बघ आई, चालू झालं! मेलेलं परत चालू झालं! तुझंपण असंच होणार. कापाकापीची घाई करू नको, थांब जरा."

थांब जरा! कुणाच्या भरवशावर? तांदळाच्या दाण्याएवढ्या पिल्लाच्या? आई मासा नाही, हे तुझ्यासारख्या पीएचडीवाल्याला मी ओरडून सांगितलं. तू म्हणालास, आशा हेसुद्धा औषध असतं. कुठल्या कॅलेंडरवर वाचलं होतंस रे?

आईने पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगून टाकलं, "माझा पोऱ्या औषध काढतोय. मना नको ती कापाकापी." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

मग तू गेलास.

तुला स्मशानात पोचवून दुपारी मी लॅबवर आले. घरी माणसं भरली होती, चहाचे कप संपत नव्हते आणि माशांना कुणीतरी बघायला हवं होतं. कारखान्याच्या दारात अन्सारीभाई पांढऱ्या कुर्त्यात खुर्ची टाकून बसले होते. आत एकही लूम चालू नव्हता. कामगार पायरीवर बसून होते.

"आज लूम नहीं चलेगा, बहन," ते म्हणाले. "दीवार के उस पार मय्यत हुई है. मशीन कैसे चलाऊँ?"

दादा, तुझ्यासाठी झालेली तेवढी एकच गोष्ट मला खरी वाटली. भाषण नाही, फ्लेक्स नाही. एका माणसाने आपलं काम बंद ठेवलं आणि दारात बसून राहिला. मी तिथेच पहिल्यांदा रडले.

लाइट मात्र होती. आदल्या सकाळी, काल्हेरला निघण्याआधी, तू जखम केलेलं, अर्कात ठेवलेलं एक पिल्लू जेलीत बसवून मशीन लावून गेला होतास. थोड्या थोड्या वेळाने छोटी फिल्म घे, असं सांगून. तुझ्याशिवाय ते इमानदारीत फिल्म घेत राहिलं होतं. पिल्लू जिवंत होतं. मी पडदा चालू केला.

हृदय धडधडत होतं. डाग नव्हता. म्हणजे डाग होता, पण धडधडत नव्हता. शेजारचा स्नायू ओढेल तेवढा ताणला जायचा आणि परत यायचा. ती तुझी 'स्वतंत्र लय' कुठेच नव्हती. मी मागच्या फिल्म लावल्या. काल चालू. काल संध्याकाळी चालू. आज सकाळी, अन्सारीभाईंनी लूम बंद केल्यापासून, बंद. मी फ्रेम रुंद केली. जेलीची कड सरळ, शांत रेघेसारखी. दुसऱ्या दिवशी कारखाना सुरू झाला तेव्हा मी मुद्दाम तिथेच उभी होते. भिंतीपलीकडे पहिला लूम खटकला, मग दुसरा, मग सगळे. डाग हलायला लागला. कड हलायला लागली. पिल्लाचा जबडाही हलायला लागला. जबड्याला काय नवा स्नायू फुटला होता?

दादा, तुझा शोध म्हणजे अन्सारीभाईंचा लूम होता. तू भिवंडीत जन्मून, लूमवाल्याच्या पोटी येऊन, लूम ओळखला नाहीस! आणि तो कळायला तुला मरावं लागलं, कारण एरवी अन्सारीभाई लाइट असताना लूम बंद ठेवत नाहीत. इतकी मूर्ख गोष्ट मी आजवर ऐकली नाही. एकटीच हसत होते मी त्या गाळ्यात, मग हसू आवरेना म्हणून बाहेर येऊन उभी राहिले.

कुणाला सांगायचं? तुझ्या दुखवट्यात फोनवर फोन करून हे सांगत बसायचं नव्हतं मला. म्हटलं, आधी सभा होऊन जाऊ दे. तीच चूक झाली असं म्हणत नाही, पण सभेत जे झालं ते बघून माझं तोंड कडू झालं.

रोशनने पडदा लावला होता. तुझ्या लॅपटॉपवरची फिल्म त्याच्याकडे उघडेना, म्हणून त्याने आईच्या मोबाइलवरचा तो व्हिडिओ मोठ्या स्पीकरला जोडला. विहारभर तुझा आवाज घुमला. "बघ आई, चालू झालं!" बायका हुंदके द्यायला लागल्या. आणि तुझ्या आवाजामागे, स्वच्छ, मोठ्याने, खटक-खटक, खटक-खटक. लूम! पडद्यावरचा डाग त्याच्याबरोबर हलत होता, ठेक्याला ठेका. मी आजूबाजूला पाहिलं. अर्ध्या सभेने लूमवर जन्म काढलेला. कुणाच्या भुवईचा केससुद्धा हलला नाही. ऐकू येत नव्हतं ना कुणाला! आपल्यासारखंच.

बाहेरून आलेला माणूस एकच होता, तुझे सर. म्हटलं, यांना तरी ऐकू येईल. आलं! ते माझ्याकडे झुकले आणि म्हणाले, "हृदयाच्या ठोक्यांचं पार्श्वसंगीत फारच परिणामकारक आहे. कुणी बसवलं?"

मी म्हटलं, "अन्सारीभाईंनी."

"वा," ते म्हणाले. "त्यांना कळवा माझं."

तुझं सगळं विज्ञान या माणसाच्या शाबासकीसाठी होतं, हे विसरू नकोस.

व्हिडिओ संपल्यावर आई उठली. पडद्यापाशी गेली आणि रिकाम्या पांढऱ्या कापडाला हात जोडले. घरी येताना रिक्षात मला म्हणाली, "बघितलास ना? सगळ्यांनी बघितला. आता मना त्या आपरेशनचा सांगू नको. तो गेला, पन त्याचा औषध हाय." मी तिचा हात धरला, तो गार होता. दोन जिने चढायला तिला चारदा थांबावं लागलं.

म्हणून आज. शुक्रवारशिवाय हे जमलंच नसतं. सकाळी चहा झाला, गल्ली शांत होती. मी तिच्याजवळ बसले, तिच्याच मोबाइलवर तो व्हिडिओ लावला आणि पडदा हाताने झाकला.

"आई, डोळे मीट. बोलणं ऐकू नको, मागचं ऐक."

ती ऐकत राहिली. परत लाव म्हणाली. लावला.

"लूम हाय," ती म्हणाली.

"आता डोळे उघडून बघ." मी हात काढला.

तिने पाहिलं. तिची बोटं गादीवर ठेका धरायला लागली, नकळत, मग थांबली. मी तिला सगळं सांगितलं, भिंत, ट्यूब, जेलीची कड, तुझ्या मातीचा दिवस, बंद लूम. मग तिने तो प्रश्न विचारला.

"त्याला ठावं व्हतं?"

खरं सांगू का, त्या गाळ्यात उभी राहून हसताना मलाही तोच प्रश्न पडला होता. कड कापलीस ती घाण दिसते म्हणून, की हलते म्हणून? आईला फसवलंस, की स्वतःच फसलास? दादा, तू लबाड असतास तर मी आज तुला पत्रसुद्धा लिहिलं नसतं. पण मग मला नाक्यावरची ओढणी आठवली. लबाड माणूस नीट कापतो. तो ओढणी मागे ठेवत नाही. आणि त्या व्हिडिओतला आवाज तर त्याने सगळ्यात आधी काढून टाकला असता.

"नाही आई," मी म्हणाले. "त्याला काही ठाऊक नव्हतं. तो मूर्ख होता."

"व्हताच येडा," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. "लहानपनापासना. कंचीबी वस्तू धड बघायचा न्हाय."

तुझ्यासाठी यापेक्षा चांगलं मला काही करता आलं नसतं. लबाडपेक्षा मूर्ख बरा. आम्ही दोघींनी मिळून तुला मूर्ख ठरवलंय आणि दोघींच्या छातीवरचं ओझं उतरलंय.

मग मी मोबाइल घेतला आणि व्हिडिओ पुसायला लागले. तिने माझं मनगट धरलं. इतक्या जोरात, की त्या हातात एवढी ताकद आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"ऱ्हाऊ दे तो," ती म्हणाली. "हालतंय तो लूम हाय. पन बोलतोय तो माझा पोऱ्याच हाय ना?"

आणि थोड्या वेळाने, भिंतीकडे बघत, "डाक्टरला फोन लाव. कंच्या दिवशी बोलवतात ते इचार."

फोन लावलाय. पुढच्या आठवड्यात तिला दाखल करायचंय. रोशनला सांगून ठेवलंय की रक्त द्यायला चार पोरं आण आणि फ्लेक्स आणू नको.

लॅबचं म्हणशील, तर तुझा तो अर्क मी एकदा नीट तपासून बघणार आहे. अन्सारीभाईंना सगळं सांगितलं. ते आधी खूप हसले, मग म्हणाले, "शिफ्ट बदलते टाइम लूम थोडी देर रोक दूँगा. जब बोलोगी तब." त्या वेळेत मी फ्रेम रुंद ठेवीन, कड दिसू देईन, आणि सगळ्यात आधी हृदय थांबवून बघीन, तू हसलास तरी. काही निघणार नाही, माझी खात्री आहे. पण चुकूनमाकून निघालंच, तर तुझं नाव पहिलं घालीन आणि लगेच खाली माझं. या वेळी कापायला तू नाहीस.

आणि आईला आत नेतील तेव्हा तिचा मोबाइल माझ्याकडे असेल. बाहेर बाकावर बसून मी तो व्हिडिओ लावीन आणि पडदा हाताने झाकून घेईन. कबूल करते, ती बाहेर येईपर्यंत तेवढं एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकीन. 'बघ आई, चालू झालं.' त्या दिवसापुरता माझा तुझ्यावर विश्वास.

तुझी,
पिवळ्या ओढणीवाली
सुजू